फुग्यावरची दुसरी ओळ

मी बारशासाठी फुगा करणार आहे, असं जाहीर केलं तेव्हा दादा इतका हसला की त्याच्या मांडीवर झोपलेली सव्वा महिन्याची मुलगी दचकून जागी झाली.

"गणपतीत थर्माकोलविरुद्ध पत्रकं वाटणारी बाई आता प्लास्टिकचा फुगा फुगवणार," तो म्हणाला. "यार, ही तर ब्रेकिंग न्यूज आहे."

"एकच फुगा. हवेत सोडायचा नाही, फोडायचा नाही. बारसं झालं की हवा काढून घडी करून ठेवायचा," मी म्हणाले.

"बघ, तीन मुद्दे! चौथा कुठाय?"

"चौथा, तू गप्प बस."

हसण्यासारखं होतंच. आमचं लहानपण दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. बाबा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते आणि कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहायचे. घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं जुळवून वाचलेला पहिला मोठा शब्द 'साथियो' होता. गणितं पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर केली, वह्यांना कव्हरं पत्रकांची घातली आणि कॉलेजात गेल्यावर मीही पत्रकं लिहायला लागले. फीवाढ, कँटीनमधलं पाणी, मुलींच्या वसतिगृहाच्या वेळा. मला वाढदिवसाच्या कार्डावर दोन ओळी लिहायला सांगितल्या तरी शेवटी एखादी मागणी येतेच.

फुग्याची कल्पना मला ऑफिसात सापडली. माझ्या शेजारच्या मुलीच्या टेबलावर कोणीतरी एक भला मोठा पारदर्शक फुगा ठेवला होता. आत छोटे रंगीत फुगे आणि बाहेर पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव. मी जवळ जाऊन पाहिलं. ते छापलेलं नव्हतं. व्हिनाइलच्या चिकट कागदातून एकेक अक्षर कापून लावलेलं होतं, नखाला त्याची कड लागत होती. माझा दिवस तिथेच संपला. आयुष्यभर मी अक्षरं फक्त कागदावर पाहिली होती, आणि इथे तर अक्षर उचलून हातात धरता येत होतं! घरी येईपर्यंत मी मेट्रोत उभ्या उभ्या असे फुगे करण्याचे सगळे व्हिडिओ बघून टाकले.

बाळाचं नाव बारशाला आत्या सांगते, आणि तोवर ते कोणाला कळू द्यायचं नसतं. आमच्याकडे ते तिघांनाच माहीत होतं, दादाला, वहिनीला आणि मला. (इथेही मी ते लिहीत नाही. मुलगी मोठी झाली की तिला विचारेन.) माझा बेत असा होता की मी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं, आणि त्याच क्षणी दादाने फुग्यावर टाकलेली ओढणी ओढायची. सगळ्या हॉलला नाव एकदम दिसेल. पत्रक एकेकाच्या हातात द्यावं लागतं. इथे चाळीस माणसं एका क्षणात वाचणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी दुपट्यांच्या घड्या घालत होती. वहिनी पुण्याची. नोएडातल्या एका आयटी कंपनीत आहे आणि आमच्या घरात सगळ्यात कमी बोलते, कारण आम्ही बाकीचे चौघं तिला मध्ये जागाच देत नाही.

"फुग्यावर काय काय येणार?" तिने विचारलं.

"नाव. मोठ्ठं."

"नुसतं नाव?"

"का गं?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. बाबांनी सगळ्यांना पाठवलेलं बारशाचं निमंत्रण होतं. 'आमचे चिरंजीव', मग दादाचं नाव, मग 'यांच्या कन्येचे बारसे योजिले आहे', आणि खाली निमंत्रक म्हणून आई-बाबांची नावं. मी एकदा वाचलं, काहीच खटकलं नाही. मग दुसऱ्यांदा वाचलं.

"तू कुठे आहेस यात?"

"तेच शोधतेय परवापासून," वहिनी म्हणाली आणि हसली. मग घडी घालता घालता थांबली. "हॉस्पिटलात तिच्या पायाला पट्टी होती ना, त्यावर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव होतं. पाच दिवस सगळे तिला माझ्याच नावाने ओळखत होते. घरी आलो आणि ती पट्टी कात्रीने कापली. तेव्हा मला काही वाटलं नाही. पण हे वाचल्यावर..." तिने दुपटं झटकलं. "फुग्यावर माझं नाव घालशील? तिच्या नावाच्या खाली, दुसऱ्या ओळीत. भांडण न करता जमलं तर."

भांडण न करता! मी तिथल्या तिथे पेटले आणि सरळ बाबांच्या खोलीत गेले.

"बाबा, समान कामाला समान वेतन, हे कोणी लिहिलं होतं?"

"मी," बाबा पेपर खाली न ठेवता म्हणाले.

"आणि हे निमंत्रण?"

"तेही मीच."

"यात आई कुठे आहे?"

"आहे की, खाली. निमंत्रक."

"बाळाची आई, बाबा!"

बाबांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, निमंत्रण वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही. "अगं, त्याचा फॉर्मच तसा असतो. माझ्या बारशाचंही असंच असणार. आणि सगळ्या घरांना गेलंय ते. आता काय दुरुस्तीपत्रक काढू?"

"काढा!"

"बिल्कुल नाही," आई स्वयंपाकघरातून ओरडली. "लोक हसतील. आणि तुला हे कोणी सांगितलं गं? तिने?"

वहिनीने जे मागितलं होतं त्यात 'भांडण न करता' हे शब्द होते आणि मी तेच आधी मोडून आले होते. "माझं मीच वाचलं," मी म्हणाले आणि बाहेर आले. यापुढे भांडण नाही, भाषण नाही, असा वहिनीला शब्द दिला.

दादाला मी गॅलरीत गाठलं. फुग्यावर चार ओळी येतील, बाळाचं नाव, वहिनीचं, तुझं आणि आडनाव, असं त्याला सांगितलं.

"चलो, मला चालेल," तो म्हणाला. "पण आई-बाबांना आत्ताच सांगू नकोस."

"तू सांग मग."

"मी कशाला? घरात एक क्रांतिकारक आहे ना."

म्हणजे आई-बाबांना बारशालाच कळणार होतं. मला ते पसंत नव्हतं. लपवून मांडलेल्या मुद्द्याला मुद्दा म्हणत नाहीत, असं मीच कॉलेजात लोकांना ऐकवायचे. पण वहिनीला दिलेला शब्द माझ्या मुद्द्यापेक्षा मोठा होता.

शनिवारी सकाळी मी करोल बागेत गेले. आधी सदर बाजारातून पारदर्शक फुगे आणले होते, तिथे त्यांना बोबो म्हणतात. करोल बागेतलं दुकान गाड्यांना स्टिकर लावणाऱ्याचं. काउंटरमागे साठीचे एक सरदारजी बसले होते आणि त्यांच्यामागे भिंतभर स्टिकरचे नमुने होते. त्यातला सगळ्यात खपणारा कोणता, ते मी न विचारताही त्यांनी सांगितलं, 'माँ का आशीर्वाद'. मी मनातल्या मनात म्हटलं, आईचा आशीर्वाद गाडीच्या काचेवर सगळ्यांना हवा, आईचं नाव मात्र कुठे नको. पण भांडण करायचं नव्हतं. मी माझा मजकूर पुढे केला.

मजकूर मी घरीच बसवून आणला होता. कागद वाया घालवायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. पत्रकाला समास सोडणं म्हणजे चैन. आईच्या शिवणाच्या टेपने मी फुगलेल्या फुग्याचं पोट मोजलं होतं आणि तेवढ्या मापात चारही ओळी काठोकाठ भरल्या होत्या.

सरदारजींनी चष्मा सरकवून वाचलं. "जुड़वाँ हैं?"

"नहीं जी, एक ही है."

"ऊपर भी लड़की का नाम, नीचे भी लड़की का."

"नीचे उसकी माँ का नाम है."

"अच्छा." ते मजकूर संगणकात टाईप करू लागले. "बड़ा लिखवा रही हो माँ को. बढ़िया."

पहिली प्रत फसली. यंत्राच्या पात्याने प्रत्येक अक्षर वेगवेगळं कापलं आणि शिरोरेषेचे तुकडे तुकडे झाले. "हिंदी में यही झंझट है," म्हणत त्यांनी संगणकावर सगळी अक्षरं एकमेकांत जोडून घेतली. मग पातं पुन्हा सरसरत धावू लागलं, सोनेरी कागद पुढे-मागे सरकू लागला, आणि मी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून लहान मुलीसारखी बघत राहिले. या वेळी शब्द अखंड आला. त्यांनी सुईने एक टोक उचकटलं आणि अक्षरांच्या भोवतीचा नको असलेला कागद सालीसारखा निघून आला. शिरोरेषेला धरून सगळी अक्षरं एका रांगेत उभी राहिली, एकानेही हात सोडला नाही. "मैं करूँ?" मी विचारलं. त्यांनी सुई माझ्या हातात दिली. वहिनीच्या नावाची ओळ मी स्वतः सोलली. तिच्या नावात एक नाजूक जोडाक्षर आहे. त्याच्या पोटातला कणभर तुकडा काढताना मी श्वास धरून ठेवला होता.

चारही ओळींवर त्यांनी चिकट पारदर्शक टेप लावून दिली. टेपसकट ओळ फुग्यावर ठेवायची, कापडाने दाबायची आणि मग टेप हळूहळू सोलायची. अक्षरं फुग्यावर राहतात. "एक बार लग गया तो लग गया," त्यांनी बजावलं. "उखाड़ोगी तो गुब्बारा गया."

रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही नोएडात आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसवर पोचलो. बारसं अकराला. हॉलमागच्या छोट्या खोलीत मी पंप मारून फुगा फुगवला. पहिला फुटला आणि बाहेर पाळणा सजवणारी आई "अरे देवा!" म्हणून किंचाळली. दुसरा नीट फुगला, गोल, टणटणीत, काचेसारखा. आत पिवळे छोटे फुगे तरंगत होते. मी चारही ओळी टेपसकट फुग्यावर नुसत्या धरून पाहिल्या आणि हबकले.

मी पोट मोजलं होतं, पण पोट सगळीकडून सारखं नसतं. समोरून दिसतो तेवढाच भाग वाचता येतो, खाली तर फुगा आत वळतो. तीन ओळी ऐटीत बसत होत्या. चौथी फुग्याच्या तळाखाली जात होती, तिथे ती कोणालाही दिसली नसती. सरदारजींचं दुकान अकराच्या आत उघडत नव्हतं. नवी ओळ कापून मिळणार नव्हती.

दादा आत आला, मागून बाळाला घेऊन वहिनी. मी त्यांना दाखवलं.

"मग एक ओळ मागच्या बाजूला लाव," दादा म्हणाला.

"कोणती?"

दादाची नजर दुसऱ्या ओळीवर गेली आणि त्याने लगेच दुसरीकडे पाहिलं. तेवढ्यात आईने दार ढकललं. तिच्यामागे बाबा होते.

"फुटला म्हणून बघायला..." आई म्हणाली आणि थांबली. टेबलावर चार ओळी पडल्या होत्या. पहिलीवर मी झटकन ओढणी टाकली, पण दुसरी उघडीच होती. आईने ती वाचली. "हे काय?"

"बाळाच्या आईचं नाव," मी म्हणाले.

"ते मला कळतंय. पण फुग्यावर?" आईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अगं, सगळं महाराष्ट्र मंडळ येणार आहे. आपल्याकडे असं कोणी लिहीत नाही."

"मागे लावा माझं," वहिनी म्हणाली. तिने बाळाला खांद्यावर घेतलं होतं आणि तिच्या पाठीवर थोपटत होती. "खरंच. काही हरकत नाही. भिंतीकडच्या बाजूला."

तिने ते अगदी सहज म्हटलं. पंधरा मिनिटांचं भाषण माझ्या तोंडात तयार होतं. ते करायचं नाही, हे मी तिला कबूल केलं होतं. मी नुसती ती सोनेरी ओळ हातात धरून उभी राहिले.

बाबा टेबलाशी आले. त्यांनी ओढणीखाली बघितलं नाही. "पहिली ओळ झाकून ठेव, मला नाव आधी कळायला नको," ते म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि उरलेल्या तिन्ही ओळी एकमेकींखाली सरळ केल्या, पूर्वी घरी पत्रकाची प्रत तपासताना करायचे तशा. एक, दोन, तीन. मग त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"मजकूर बसत नसेल तर आम्ही काय काढायचो, आठवतं?" त्यांनी मला विचारलं.

"शेवटची मागणी?"

"मागणी कधीच नाही." ते जवळजवळ रागावले. "संघटनेचं नाव. पत्रक कोणी काढलंय ते वाचणाऱ्याला ठाऊकच असतं. त्यावर जागा कशाला घालवायची?" त्यांनी आडनावाची ओळ उचलून बाजूला ठेवली. "आडनाव मागे जाईल. भिंतीकडे."

"आडनाव भिंतीकडे?" आई म्हणाली. "अहो, आडनाव!"

"आलेल्या चाळीस माणसांना आपलं आडनाव माहीत आहे. भिंतीला नसेल, तिला कळू दे."

दादा फिसकन हसला. आईने त्याच्याकडे रागाने पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं. वहिनी खाली बघत होती. "तू मला का नाही सांगितलंस गं?" आईने वहिनीला विचारलं. वहिनीने बाळाचं दुपटं सारखं केलं. "असो. अकराला बायका येतील. लावा काय लावायचं ते, आणि वाकडं लावू नका," एवढं बोलून आई पाळण्याकडे गेली. ती राजी झाली होती असं मी म्हणणार नाही. पण तिने नाही म्हटलं नाही.

मग धांदल उडाली! पहिली ओळ लावताना बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसरी लावताना ते पुढे झाले. "मध्यभागी येऊ दे, फुगा तिथेच सगळ्यात रुंद आहे," ते म्हणाले आणि दोन्ही तळव्यांनी त्यांनी फुगा धरून ठेवला. मी ओळ ठेवली, मधून कडांकडे कापडाने दाबत गेले आणि टेप सोलायला लागले. एक अक्षर उतरलं. दुसरं उतरलं. जोडाक्षर टेपला चिकटून वर यायला लागलं.

"थांब, थांब, थांब," बाबा कुजबुजले. त्यांनी नखाने त्याचं टोक फुग्यावर दाबून धरलं. "आता. हळू."

ते उतरलं. टेप माझ्या हातात कोरी आली, आणि वहिनीचं नाव फुग्याच्या ऐन मध्यावर सोन्यासारखं चमकत राहिलं. मी उडीच मारली. दादाने टाळ्या वाजवल्या. वहिनी जवळ आली, तिने एका बोटाने आपल्या नावाची शिरोरेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिरवली आणि बाळाला घेऊन घाईघाईने बाहेर गेली.

अकरा वाजता हॉल भरला. महाराष्ट्र मंडळातल्या काकू, बाबांचे जुने सहकारी, वहिनीच्या ऑफिसातल्या मुली. फुगा पाळण्यामागे टेबलावर, ओढणीखाली. आत्या पाळण्याशी वाकली की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, आणि आमच्याकडच्या काकूंना ही संधी वर्षातून एखाददाच मिळते. मी वाकले, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र" म्हटलं आणि नाव सांगितलं. धपाटे सुरू झाले. मागे ओढणी सळसळली.

मला काहीच दिसत नव्हतं. माझं डोकं पाळण्यात होतं आणि पाठीवर निदान सहा हात होते. फक्त ऐकू येत होतं. टाळ्या, मग कोणीतरी पहिली ओळ मोठ्याने वाचली, "वा, सुंदर नाव!" मग दुसरी वाचायला सुरुवात झाली आणि मध्येच आवाज थांबला.

"अगं बाई," मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "हे तुझं नाव छापलंय की! चुकून आलं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर होतं, मुद्देसूद. पण नेमका तेव्हाच एक सणसणीत धपाटा बसला आणि माझा श्वास अडकला.

"चुकून नाही काकू," वहिनीचा आवाज आला. मोठा, स्पष्ट, हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल असा. "मीच घालायला सांगितलं. माझी मुलगी आहे ना ती."

मग काकू म्हणाल्या, "ते सांगायला नको, नाक तुझंच आहे," आणि सगळा हॉल हसला. वहिनीही हसली. तिला असं भर सभेत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

धपाटे थांबायला तयार नव्हते. पाळण्यात बाळ डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होतं. मी पुन्हा तिच्या कानाशी वाकले आणि तिला तिचं नाव परत एकदा सांगितलं, या वेळी दुसऱ्या ओळीसकट.